ऑडिटपुरता संडास आणि आमच्या बागेतल्या बाया

माळावरची (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आठ मार्चला आमच्या गावच्या शाळेत महिला दिन झाला. पाहुणे तालुक्याहून आले होते. ‘जागतिकीकरणाच्या युगात स्त्रीनं आकाशाला गवसणी घातली आहे’ असं म्हणत त्यांनी अंतराळापासून बँकेपर्यंत पाच-सहा बायकांची नावं घेतली, टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी आमच्या टोळीची मुकादमीण बसली होती. सकाळी सातपासून काढणी करून तशीच आलेली. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाली, “वैनी, किल्ली कुठाय?”

किल्ली आमच्या बागेतल्या संडासाची.

तासगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. दीड एकर एक्स्पोर्टची, बाकीची बेदाण्याची. एक्स्पोर्टच्या प्लॉटची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंदणी होते, काढणीआधी मण्यांचे नमुने लॅबला जातात. त्यावर युरोपातल्या दुकानदारांना ग्लोबलगॅपचं, म्हणजे शेती नीट पद्धतीनं केल्याचं, प्रमाणपत्रही लागतं. निर्यातदाराचा माणूस येऊन यादी देऊन गेला. औषधांची खोली वेगळी आणि कुलूपबंद हवी, पहिल्या उपचाराची पेटी, हातमोजे, चित्रांचे फलक, हात धुवायला पाणी-साबण, आणि माल हाताळणाऱ्या माणसांसाठी पाचशे मीटरच्या आत संडास.

मी या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. तेवढ्या वेळात मोटारीला शेड झालं, म्हशींना गोठा झाला, ड्रिपच्या फिल्टरवरसुद्धा पत्रा आला. रोज वीस-पंचवीस बाया ज्या रानात राबतात तिथं त्यांना आडोसा नव्हता. सासऱ्यांनी केला नाही, ह्यांनी केला नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही, हेही लिहिते. मला घर जवळ होतं. तो संडास शेवटी हॉलंडातल्या कुणा दुकानदारानं बांधून घेतला, ज्याला आमचं गाव नकाशावरही सापडणार नाही.

ऑडिट झालं, फोटो निघाले. चौथ्या दिवशी ह्यांनी कुलूप घातलं. का, तर ‘घाण करतात.’ आता औषधाच्या खोलीलाही कुलूप आणि संडासालाही. यादीत एकाच कुलपाचा उल्लेख होता.

जागतिकीकरणानं बाईचं भलं झालं की वाटोळं, असा निबंध मला नकोय. तो पाहुण्यांनी वाचलाय. तुमच्या घरात, रानात, नोकरीत सातासमुद्रापलीकडून नेमकं काय येऊन पोचलं, आणि ते बाईच्या हातात पडलं का मधेच कुणी कुलूप घातलं, एवढं सांगा.

---

तिरकस_तुका | रविवार, रात्री १०:०४

पहिला! भडंग घेऊन बसलोय. लिहा लोकहो.

---

हळदपेठ | रविवार, रात्री १०:३१

ताई, लेखन आवडलं. पण यात जागतिकीकरण कुठंय? बायकांना कमी हजेरी, बायकांना आडोसा नाही, हे आमच्या आजीच्या काळातही होतं. तेव्हा कुठलं ग्लोबलगॅप होतं? नवरा कुलूप घालतो हा तुमच्या घरचा प्रश्न. उगाच जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) डोक्यावर फोडू नका. माझं सांगलीत हळदीचं अडत दुकान आहे. हळद शेकडो वर्षं बाहेर जातेय, आणि पेठेत झाडलोट करणारी, हळद निवडणारी बाई तिथंच आहे.

---

माळावरची | रविवार, रात्री ११:१५

@हळदपेठ, दादा, तुमचं निम्मं पटलं. कमी हजेरी जुनीच आहे. आमच्याकडं आजही गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे, आणि गडी दुपारी झाडाखाली लवंडतो ते वेगळं.

पण एक सांगते. २०१० साली युरोपनं भारतातून गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड पकडलं. आपण त्याला लिहोसिन म्हणतो. वेलीची वाढ रोखायला मारायचो, सगळेच मारायचे, तोवर कुणी काही बोललं नव्हतं. कंटेनर तिकडच्या बंदरात अडकले. आमचा मालही त्यातच. पैसे यायचे तेवढे आलेच नाहीत. त्या साली सोसायटीचं कर्ज फिरवायला घरातलं जे गेलं ते सासूबाईंच्या पाटल्या आणि माझा राणीहार. ह्यांची बुलेट राहिली. (आजही आहे, चालू स्थितीत, कुणाला हवी असल्यास कळवा.)

दुसरं असं, की लिहोसिन बंद झाल्यावर शेंडे हातानं खुडावे लागायला लागले. म्हणजे आमच्या बागेत बायांचे दिवस वाढले. त्या वर्षी टोळीतल्या बाया खूश होत्या आणि मी गळ्याशी हात नेला की दचकत होते. तेच रसायन, तोच युरोप, बाई दोन्हीकडं. म्हणून म्हटलं, भलं की वाटोळं असं विचारू नका.

---

जुना_बिल्लेवाला | सोमवार, सकाळी ६:२०

मी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून फिरलेला माणूस, वय बहात्तर, खानापूर तालुका. टाइप नातू करतोय, चुका त्याच्या.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. आम्ही ट्रकनं गेलो होतो. एवढ्या बायका मी जत्रेतही बघितल्या नव्हत्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा म्हणून. आणि हेच जोशी पुढं शेतमालाचा व्यापार जगाला खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले, बाकी सगळे नेते विरोधात ओरडत असताना. लोकांना ते दोन वेगळे जोशी वाटले. मला एकच वाटले. शेतमालाला बांध घालून ठेवणारा आणि घरातल्या लक्ष्मीला बांध घालून ठेवणारा, दोघं एकाच खोडाचे.

बाजार उघडला म्हणून द्राक्ष बाहेर गेलं. द्राक्ष बाहेर गेलं म्हणून तुमच्या बागेत संडास आला. कुलूप कुणी घातलं ते बघा. मी लक्ष्मीमुक्तीत एक एकर बायकोच्या नावावर केलेला आहे. नुसता बोलत नाही.

---

तिखटजाळ | सोमवार, सकाळी ९:०२

@जुना_बिल्लेवाला, काका, मनापासून नमस्कार. एक शंका. एकर कोणता दिला? विहिरीजवळचा का माळाचा?

---

तिरकस_तुका | सोमवार, सकाळी ९:०५

😂😂 भडंगात शेंगदाणा सापडला.

---

जुना_बिल्लेवाला | सोमवार, दुपारी १:४०

माळाचा.

खोटं कशाला बोलू. मुरमाड, कुसळंसुद्धा नीट उगवत नव्हती. बाकीच्यांनीही तसेच तुकडे दिले. भाऊबंद हसले, बायको पण हसली. सातबारा उंबऱ्यात ठेवून म्हणाली, “आता ह्याची भाकरी कशी थापू?”

पुढचं ऐका. टेंभू योजनेचं पाणी आलं. कृष्णेचं पाणी कराडाजवळून उचलून टप्प्याटप्प्यानं आमच्या दुष्काळी माळावर. द्राक्षाला मुरूमच मानवतो, पाण्याचा निचरा होतो. विहिरीजवळच्या काळ्या रानात माझी बाग दोनदा गेली, मुळ्या कुजल्या. तिच्या एकरात आज सगळ्यात चांगली बाग आहे, आणि ग्रेपनेटला नोंदणी सातबाऱ्यावरच्या नावानं, म्हणजे तिच्या. निर्यातदाराचा पोरगा येतो तो ‘आजी आहेत का’ विचारतो. मी ओट्यावर बसलेला असतो.

संडासाला कुलूप नाही आमच्यात. तिनंच घालू दिलं नाही.

---

माळावरची | सोमवार, दुपारी २:१०

काका, हा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी लगेच ह्यांना हाक मारली. पुढं काय झालं ते नंतर.

---

मिरज_ते_स्टुटगार्ट | सोमवार, रात्री ११:५५ (इथले साडेसात)

माळावरची ताई, तुमची द्राक्षं मी खाल्ली असतील.

मी मिरजेची, इथं जर्मनीत नर्स आहे. मिरजेला परदेश काही १९९१ नंतर आला नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणाची ना कुणाची मुलगी नर्सिंग करतेच आहे. माझी मावशी आखातात होती. मी इकडं आले, आधी जर्मन भाषेच्या बी-टू पातळीपर्यंत घासून, मग इथल्या नोंदणीच्या परीक्षेत घासून. आता तर महाराष्ट्र सरकारनंच फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केलाय, त्यात नर्सही आहेत. गावाकडून रोज एक तरी मेसेज येतो, ‘ताई, खरंच नेतात का?’ नेतात. पण एजंटाला लाख-दोन लाख देऊ नका, आधी भाषा शिका.

आता कुलपाचं. मी इथं म्हाताऱ्यांच्या विभागात आहे. त्यांना उठवणं, आंघोळ, औषधं, गप्पा. माझी स्वतःची आई मिरजेत एकटी, गुडघे गेलेले. तिच्याकडं कवठेमहांकाळकडची एक बाई ठेवलीय, सकाळी आठ ते रात्री आठ. तिचं चार वर्षांचं पोर गावाकडं तिच्या सासूजवळ. ती सासू बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची, आता पोरामुळं जाता येत नाही, म्हणून तिचा रोजगार बुडाला. मी युरोत पगार घेते आणि ही रांग त्या आजीपाशी जाऊन थांबते. मी बाईला आईच्या गल्लीतल्या इतरांपेक्षा जास्त देते, दिवाळीला बोनस देते. तरी मागच्या महिन्यात आईनं व्हिडिओ कॉलवर कॅमेरा फिरवला तेव्हा ती बाई फोनवर पोराला झोपवत होती. गाणं म्हणत होती. आम्ही दोघी एकाच वेळी फोनवरून आईपण-लेकपण करत होतो. मला कॉल बंद करावा लागला.

अवांतर: मार्चमध्ये इथल्या दुकानात पांढऱ्या द्राक्षांच्या डब्यावर ‘हर्कुन्फ्ट: इंडियन’ (माल कुठला: भारत) लिहिलेलं असतं, आणि तेरा आकडी जीजीएन क्रमांक. तो टाकला की प्रमाणपत्र कुणाचं ते कळतं. पुढच्या वेळी टाकून बघते, तासगाव निघालं तर डबा फोटोसकट इथं टाकते.

---

सुगरणबाई | मंगळवार, सकाळी ७:१२

@मिरज_ते_स्टुटगार्ट, सकाळी सकाळी रडवलंत. भाकरी करपली.

---

दवाखाना_सांगली | मंगळवार, दुपारी ३:३०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. नाव-गाव नको, पेशंट वाचतात. दोन-तीन गोष्टी नोंदवते, कारण संडासाचा विषय चेष्टेचा नाही.

हंगामात माझ्याकडं लघवीची जळजळ, ताप, कंबरदुखी घेऊन बागेतल्या बाया येतात. “पाणी किती पिता?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “पिलं की जावं लागतं.” सकाळी सातला वडापनं निघतात, संध्याकाळी सहाला परत. तेवढ्यात तांब्याभर पाणी. हे आळसानं होत नाही, आडोसा नाही म्हणून होतं.

दुसरं, पेस्ट. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. कातडीला लागलं तर भाजतं, फोड येतात. अंगात गेल्यावर दारू प्यायली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते. म्हणून कित्येक ठिकाणी हे काम मुद्दाम बायांना देतात, कारण त्या पीत नाहीत! याला कौतुक म्हणावं का काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. युरोपीय संघानं २००८ सालीच हे रसायन आपल्या शेतीसाठी मंजूर करायचं नाकारलं. कारण काय, तर वापरणाऱ्याच्या तब्येतीला धोका. आपल्याकडून जाणारी द्राक्षं मात्र घेतात. तपासणी मण्यांची होते. लावणारीचा हात कुठल्या लॅबला जात नाही. मोजे वापरा. पातळ पिशव्यांचे नव्हे, कोपरापर्यंतचे रबरी.

तिसरं, ऊसतोड. आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना बीडकडून टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर दोघांचा पैसा कापला जातो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ साली बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळी म्हणजे खाडा, पिशवी म्हणजे कटकट, असा हिशेब त्यांच्या गळी उतरवलेला असतो. साखर निर्यात झाली काय, न झाली काय, त्या फडात कुठलाच ऑडिटर येत नाही. निदान तुमच्या बागेत एक येऊन गेला.

---

हळदपेठ | मंगळवार, दुपारी ४:१५

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो. माझा मुद्दा मी मागं घेत नाही, पण थोडा सरकवतो. बाहेरचा गिऱ्हाईक बाईसाठी काही करत नाही, स्वतःच्या दुकानाची इज्जत राखतो. त्यात बाईला चुकून काही मिळालं तर मिळालं. त्याला उपकार समजू नका.

---

तिखटजाळ | मंगळवार, दुपारी ४:२२

@हळदपेठ, उपकार कुणी म्हटलं? चुकून मिळालेलंही हातचं जाऊ द्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

---

कांडीवाली_विटा | मंगळवार, रात्री ९:००

आमच्याकडं उलटं झालं, येऊन काही पोचलं नाही, होतं ते गेलं.

विट्यात यंत्रमाग. माझी आई घरात बसून कांड्या भरायची. मागावर आडवं सूत फिरवणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती. घरचं सगळं आवरून, पोरं सांभाळून दिवसाला जेवढ्या होतील तेवढ्या. पैसे थोडे पण स्वतःचे, मोजून घेतलेले. मग बाहेरचं स्वस्त कापड आलं, साधे माग भंगारात निघाले. ज्यांना परवडलं त्यांनी बिनधोट्याचे माग आणले. धोटा नाही म्हणजे कांडी नाही, कांडी नाही म्हणजे आई नाही. नव्या मागावर माणूस लागतो तो पाळीत उभा राहणारा, रात्रीचाही. तिथं बायका कोण ठेवणार?

आमच्या भागातली निम्मी माणसं गलाई, सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात, देशभर पांगलेली. ती सणाला येतात, बंगले बांधतात. बंगल्यात म्हातारी आणि कुत्रं. आईला आता कुणी विचारलं, तू काय करायचीस, तर म्हणते ‘काय नाय, घरीच असायची’. वीस वर्षं कांड्या भरल्या ते ‘काय नाय’.

---

माजी_वसुलीवाला | बुधवार, रात्री १२:२५

टोपणनावावरून कळलं असेलच. सहा वर्षं एका मायक्रोफायनान्स कंपनीत होतो, नाव सांगणार नाही. वाळवा, जत, पलीकडं माण-खटाव. शिव्या द्यायच्या असतील तर द्या.

बाहेरून काय आलं असं ताईंनी विचारलंय. पैसा आला. असल्या कंपन्यांत परदेशी फंडांचा पैसा असतो, कारण गरीब बाई कर्ज बुडवत नाही हे जगभर माहीत झालंय. आमच्या ट्रेनिंगमध्येही पहिल्याच दिवशी हेच शिकवलं. पुरुष पळून जातो, बाईला गाव सोडता येत नाही.

पद्धत अशी. आठ-दहा जणींचा गट, एकमेकींची हमी. कागदावर कारण ‘शेळीपालन’ किंवा ‘शिलाई मशिन’. खरं कारण बोअर, मोबाइल, नवऱ्याची जुनी देणी, दिराचं लग्न. माझ्या सहा वर्षांत शेळ्या मी दोनदा बघितल्या, त्यातली एक शेजाऱ्याची होती. हप्त्याच्या सकाळी आठला मीटिंग. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्यांना उठू द्यायचं नाही. पोराचा डबा, रोजगाराची गाडी, काही असो. मग त्या बायकाच तिला बोलायच्या. आम्हाला तोंड उघडावं लागत नव्हतं. हे सगळ्यात वाईट होतं.

पहिल्या कर्जाचा हप्ता भरायला दुसरी कंपनी, दुसऱ्यासाठी तिसरी. एका बाईच्या पिशवीत मी चार रंगांची चार पासबुकं बघितली. नवऱ्याला तीन माहीत होती.

उपयोगाचं लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणं वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज बिनतारण द्यायचं, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. दमदाटी, अवेळी वसुली चालत नाही. दारात कुणी बसून राहिला तर हे सांगा. आमच्यासारखा पोरगा त्यालाही वरून फोन असतो हे खरं, पण ते तुमचं दुखणं नव्हे.

---

सुगरणबाई | बुधवार, सकाळी ७:४०

शिव्या नाही देत. पण ती चार पासबुकांवाली बाई, तिचं पुढं काय झालं?

---

माजी_वसुलीवाला | बुधवार, सकाळी ८:१०

माहीत नाही. मी नोकरी सोडली.

---

माणगंगेकाठ | बुधवार, दुपारी १२:००

वरच्यात भर घालतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई आणि बँक म्हटलं की फासच. मी म्हसवडचा.

आमच्या गावात माणदेशी महिला सहकारी बँक आहे, १९९७ पासून. ती काढणाऱ्या चेतना सिन्हांनी पहिल्यांदा परवान्याचा अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं नाकारला. अर्ज करणाऱ्या बायका निरक्षर, अंगठे लावणाऱ्या. बायका म्हणाल्या, मग शिकतो. साक्षरतेचे वर्ग झाले. परत गेल्या तेव्हा साहेबांपुढं म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल पण मोजता येतं, कुठलीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला. आठवडी बाजारात शेळ्या, भांडी, भाजी विकणाऱ्या बायकांची बँक. पुढं २०१८ साली दावोसला जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांत चेतनाताई होत्या, त्या वर्षी सगळ्या सहअध्यक्ष बायकाच होत्या.

मला यात दावोसचं अप्रूप कमी आहे. फरक इतकाच बघा, की वरच्या गोष्टीत पैसा बाहेरून येऊन बाईच्या दारात बसला. इथं बाई उठून पैशाच्या दारात गेली. माझ्या काकीनं तिथल्या कर्जावर पिठाची गिरणी टाकली. काका अजूनही तिला ‘आमची गिरणी’ म्हणतो. काकी दुरुस्त करत नाही, गल्ल्याची किल्ली कमरेला लावते आणि चहा टाकते.

---

तिरकस_तुका | बुधवार, दुपारी १२:०६

या धाग्यात किल्ल्याच किल्ल्या. भडंग संपला, ताई, तुमची किल्ली कुठवर आली?

---

माळावरची | शुक्रवार, रात्री १०:३०

दोन दिवस माल भरणं चालू होतं, म्हणून उशीर. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, वाचूनही दाखवले. बेदाण्याच्या शेडवर दुपारी भाकरीच्या वेळेला मुकादमीण आणि आठ-दहा जणींना हा धागा फोनवरून ऐकवला. काकांच्या माळाच्या एकराला सगळ्यात मोठा हशा. विट्याच्या कांडीवाल्या ताईंचं वाचलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “माजी भन पन भरायची की.” वसुलीवाल्या दादांचं वाचायला लागले तर तिघी उठून पाणी प्यायला गेल्या. मी पुढं वाचलं नाही.

आता किल्ली. सोमवारी सासूबाईंनी ह्यांना विचारलं, “ऑडिटवाला आला तर त्येला किल्ली देतोस, आन् ज्यांच्यासाटी बांधला त्यांना न्हाई?” ह्यांनी घाणीचं कारण सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “मग तुज्या बुलेटीला रोज फडका मारतोस, ततं मार.” विषय तिथं संपला. मंगळवारी किल्ली पंपाच्या शेडमधल्या खिळ्यावर आली. मुकादमिणीनं स्वतःच पाळ्या लावल्या, आठवड्याला दोघी, झाडू-फिनेल माझ्याकडून. चार दिवसांत तरी घाण झालेली नाही.

एवढ्यावर मी खूश होते. पण भाकरी खाताना मुकादमिणीनं विचारलं, “वैनी, त्यो संडास एक्स्पोर्टच्या पलाटाला. हितनं दूर हाय. बेदान्याच्या बागंत आमाला लागत न्हाई व्हय?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. बेदाण्याला ऑडिट नाही. बेदाणा तासगावच्या सौद्यात जातो, तिथं रंग बघतात, मणी बघतात, गोडी बघतात. यंदा त्यात चीनचा बेदाणा दुसऱ्या देशातून फिरवून येतोय अशी ओरड, त्यामुळं दराची चिंता आहेच. ह्यांना विचारायच्या आधीच मला त्यांचं उत्तर ठाऊक होतं, “औंदा खर्च नको.”

तर टोळीनं काय ठरवलंय ते सांगते. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आहे, त्यानंतर फुटी काढायला बाया मिळेनात अशी सगळ्या गावाची तऱ्हा असते. लाडक्या बहिणीचे पैसे आल्यापासून तर बागायतदारांच्या तोंडी दुसरा विषय नाही, ‘बाया माजल्या’ म्हणून. मुकादमिणीनं गावातल्या सहा बागायतदारांना सांगून ठेवलंय की ज्याच्या रानात आडोसा, त्याचा नंबर आधी. पत्र्याचा असला तरी चालेल, कडी आतून पाहिजे. हजेरीबद्दल ती यंदा काही बोललेली नाही. “येका टायमाला येकच,” म्हणाली.

सहापैकी दोघांचे मला फोन आले, तुम्ही बाया बिघडवल्या म्हणून. एकानं पत्र्याचा भाव विचारला.

आमच्या बेदाण्याच्या बागेसाठी मी आज बिजागऱ्या आणल्या. पत्रे जुन्या गोठ्याचे आहेत, खड्डा आमच्याच गड्यानं काढलाय. जाणकारांनी सांगावं, मुरमात शोषखड्डा किती खोल लागतो? आणि @जुना_बिल्लेवाला काका, आजींना विचाराल का, त्यांच्या बागेत पाण्याची टाकी वर ठेवलीय का बादलीनंच चालवतात?

---

जुना_बिल्लेवाला | शनिवार, सकाळी ६:०५

ती म्हणते, टाकी वर ठेवा, पण नळ आतच काढा, बाहेर काढला तर गडी हात-पाय धुऊन टाकी रिकामी करतात. खोलीचं ती फोनवर सांगेल. नंबर मागतेय तुमचा. व्यक्तिगत निरोपात टाका, नातू शाळेत जायच्या आत.